तेवीस तास हेल्मेट, एक तास डोकं

आमच्या क्लिनिकमध्ये फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायलीत काय, डोक्याची मापं. आज इतके मिलिमीटर, पंधरा दिवसांनी तितके. पण त्या दोन मापांच्या मधे घरात जे काही घडतं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते मंदाताई आणि मी दुपारी डबा खाताना एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगतो. मंदाताई आमच्या रिसेप्शनिस्ट. खरं तर क्लिनिक त्याच चालवतात, मी फक्त हेल्मेटं बसवते.

काही बाळांचं डोकं मागून एका बाजूला चपटं होतं. एकाच कुशीवर फार पडून राहिल्यानं होतं, मान आखडल्यानं होतं. डॉक्टर तपासून आमच्याकडे पाठवतात, मी मापाचं हेल्मेट करून देते. डोकं वाढतं ते आतल्या मोकळ्या जागेत वाढतं आणि हळूहळू आकार येतो. दिवसाचे तेवीस तास घालायचं, एक तास काढायचं. हे सगळं साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आत, कारण पुढे डोकं फारसं ऐकत नाही. आणि या कामाचा शत्रू एकच, पुरळ. ते उठलं की हेल्मेट काढून ठेवावं लागतं, आणि काढून ठेवलेले दिवस परत मिळत नाहीत.

म्हणून पुरळ म्हटलं की मी जरा तोंडाळ होते. आईबाप मला घाबरतात, असं मंदाताईंचं म्हणणं. मी म्हणते, घाबरू देत की.

*

नांदगावचे एक गुरुजी होते, प्राथमिक शाळेतले. मुलगा सहा महिन्यांचा. आम्ही सगळ्यांना एक कागद देतो. त्यात लिहिलं होतं, हेल्मेट काढल्यावर कातडी लाल दिसते, तासाभरात लाली गेली तर काळजी नाही, गेली नाही तर दाखवायला या.

पुढच्या आठवड्यात गुरुजी अचानक हजर. अपॉइंटमेंट नाही, काही नाही. बाळ खांद्यावर, काखेत वही. मी घाईघाईनं हेल्मेट काढलं, डोकं नीट पाहिलं. लालीचा पत्ता नाही.

"झालं काय, गुरुजी?"

त्यांनी वही उघडली. समास आखलेला. सोमवार, बावन्न मिनिटं. मंगळवार, एकोणपन्नास. बुधवार, चौपन्न. गुरुवार, एकसष्ट.

"तुम्ही तास लिहिला होतात, मॅडम. एकसष्ट झाली म्हणून पहिल्या एसटीनं निघालो."

मी म्हटलं, अहो, तासाभरात म्हणजे अंदाजे. गुरुजींनी वही मिटली. मग म्हणाले, "मग तसं लिहायला हवं होतं. इतकं मोघम मी चौथीच्या पोरांचंही चालवून घेत नाही."

त्या संध्याकाळी कागदावर 'साधारण' हा शब्द वाढवला. मंदाताई म्हणाल्या, आज आपला पेपर तपासला गेला.

*

इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तिथे जुलैत टॉवेल चार दिवस ओला राहतो, तर हेल्मेट कुठून सुकणार? तिथलं एक कुटुंब, वडील रेल्वेत, घरात आजी, आई आणि पाच महिन्यांचं बाळ. ओलसरपणामुळे बाळाच्या कानामागं पुरळ आलं होतं. मी फोनवर दम दिला, "काहीही करा, पण हेल्मेट कोरडं करून घाला."

काहीही करा, असं कुणाला सांगू नये.

दोन दिवसांनी ते आले आणि क्लिनिकभर ओव्याचा वास पसरला. बाहेर बसलेल्या एका बाईनं मंदाताईंना विचारलं सुद्धा, इथं कुणी बाळंतीण आहे का? हेल्मेट हातात घेतलं तर आतला फोम एका बाजूनं पापडासारखा झालेला. बाळाला धुरी देऊन झाली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर तो ओवा, त्या बाळंतशोपा, आणि वरती पालथं घातलेलं आमचं हेल्मेट! कोरडं मात्र खडखडीत.

मी बोलायला सुरुवात केली. बरंच बोलले. धुरीबद्दलही बोलले, की एवढा धूर बाळाच्या छातीला बरा नाही. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्या आठ पिढ्या या धुरीतून निघाल्या. तुमचं हेल्मेट एका आठवड्यात वाकलं."

मी आतला फोम बदलून दिला आणि पंख्याखाली सुकवा म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगणार?

*

अंबडला कंपनीत असलेले एक गृहस्थ. त्यांनी हेल्मेटात आतून भरपूर पावडर शिंपडली होती. घामात मिसळून तिचा लगदा झाला आणि बाळाच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या उठल्या.

"कंपनीत आम्ही सगळे सेफ्टी हेल्मेटमध्ये पावडर टाकतो, मॅडम. कुणाला काही होत नाही."

"तुमच्या कंपनीत कुणी आठ महिन्यांचं आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "वागतात तसे बरेच जण."

मला रागवायचं होतं, पण हसू आलं. हसल्यावर रागवता येत नाही, हा माझा फार जुना प्रॉब्लेम आहे.

*

आणि एक इंदिरानगरची मुलगी, पहिलटकरीण. मी सांगितलं होतं, कपाळावर काजळ लावायचं नाही, हेल्मेटच्या काठाखाली ते घासतं आणि कातडी चिघळते. पुढच्या वेळी बाळाचं कपाळ लख्ख. हेल्मेटवर मात्र डाव्या बाजूला काळीभोर तीट.

"बाळाला लावू नका म्हणालात ना," ती म्हणाली.

मी पुसायला कापूस उचलला आणि परत ठेवून दिला. तीट बाहेरून होती, कातडीला लागत नव्हती. शिवाय त्या मुलीला दोन महिने झोप नव्हती आणि जवळ आई नव्हती. आता आमच्या चार-पाच हेल्मेटांवर तशी तीट असते. मी विचारत नाही.

*

आता नामपूरच्या आजींचं सांगते. हे सांगताना मला स्वतःला जरा बाजूला ठेवता येत नाही, कारण यात चूक माझी आहे.

तन्वी आठ महिन्यांची होती तेव्हा आली. दिवस भरायच्या आधी झालेली, बरेच दिवस काचेच्या पेटीत काढलेली. डोकं मागून उजवीकडं चांगलंच चपटं. आमच्या हिशोबानं उशीरच झाला होता, हातात जेमतेम चार महिने. आई ज्योती, फार नेटकी मुलगी. आमचा कागद तिनं फ्रिजवर चिकटवला होता. बरोबर सासूबाई, साठीच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. माझ्याशी शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करायच्या आणि गडबडल्या की अहिराणीवर जायच्या.

पहिले आठ दिवस छान गेले. मग पुरळ आलं. एका जागी आलं असतं तर मी समजले असते की हेल्मेट तिथं दाबतंय, घासून जागा केली असती. पण हे सगळ्या डोक्यावर, मोहरीसारखे बारीक दाणे. असं पुरळ मी ओळखते. ते तेलाचं असतं, आणि तेल लावायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दोन दिवस हेल्मेट बंद ठेवलं. कातडी निवळली, हेल्मेट घातलं, चौथ्या दिवशी परत दाणे. पुन्हा बंद, पुन्हा दाणे. चार महिन्यांतले पंधरा दिवस असेच गेले. ज्योती माझ्यासमोर रडली. म्हणाली, "मॅडम, हिचं डोकं असंच राहिलं तर लोक मलाच विचारतील."

मी आजींकडे वळले. आणि सगळ्यांसमोर, वेटिंग रूमपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आजी, खरं सांगा. तुम्ही हिला चोरून तेल लावता."

आजींनी मान हलवली. "देवनी आण शे, ताई. मी तेल नई लावलं."

"मग तेल काय आपोआप आलं?"

ज्योतीनं बाळ सासूबाईंच्या मांडीवरून उचलून घेतलं. मी ते पाहिलं आणि मला बरंच वाटलं. वाटलं, चला, आता सुधारेल.

सुधारलं नाही. दहा दिवसांनी आले तर पुरळ पहिल्यापेक्षा वाईट. मानेपर्यंत उतरलेलं. ज्योती म्हणाली, "मॅडम, मी आईंच्या हातात बाळ देतच नाही आता. आंघोळ मी घालते, झोपवते मी. तरी असं."

"हेल्मेट कोण धुतं?"

"ते तेवढं आई करतात. म्हणाल्या, एवढं तरी माझ्याकडं राहू दे."

मी हेल्मेट काढलं, आतून स्पिरिटनं पुसलं आणि वाळायला टेबलावर पालथं ठेवलं. हात धुवायला बेसिनकडं गेले. मागं वळून पाहते तर आजींनी हेल्मेट उचललं होतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळून आतला कोपरा न् कोपरा पुसत होत्या. मूर्ती पुसावी तसं, सावकाश.

"ओलं शे ना, ताई," त्या म्हणाल्या. "पोरले गार लागी."

मी जवळ गेले आणि तो पदर हातात घेतला. टोकाकडं सुती कापड मऊ, जड, पिवळट झालेलं. नाकाशी नेलं. खोबरेल.

"आजी, तुम्ही दिवसभर काय काम करता?"

उत्तर ज्योतीनं दिलं. "आई गावात बाळं न्हाऊ घालतात, मॅडम. वीस-पंचवीस वर्षं झाली. सकाळी चार घरी जातात, मालिश करतात."

आमच्या फॉर्ममध्ये वडिलांचा व्यवसाय आहे, आईचा आहे. आजीचा रकानाच नाही. मला कधी विचारावंसं वाटलं नाही. हात आजी साबणानं धूत होत्या, दोनदा धूत होत्या, कारण मी सांगितलं होतं. पण चार घरची मालिश करताना हात पुसायचा तो पदराला, हे त्यांनाच काय, कुणालाही सांगावं लागत नाही. तोच पदर घरी येऊन हेल्मेटात फिरत होता. आणि बाळ हातात मिळेनासं झाल्यावर जास्तच फिरत होता. आधी एकदा पुसायच्या, आता तीन-तीनदा.

मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "आजी, चुकलं माझं. तुम्ही खरं बोलत होतात." हेही मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, बाहेर ऐकू जावं म्हणून.

आजी पदराकडं पाहत होत्या. "म्हणजे मीच केलं ना, ताई," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना धुतलेल्या सुती फडक्यांची चळत दिली आणि फडकं रोज उकळायला सांगितलं. जाताना बाळ ज्योतीच्याच खांद्यावर होतं.

पंधरा दिवसांनी तिघी आल्या. हेल्मेट काढलं. डोकं स्वच्छ, एक दाणा नाही. मी डोकं मोजायचा कॅलिपर घेतला, मंदाताई कार्ड आणि पेन घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. तेवढ्यात ज्योतीनं काय केलं, तर उघड्या डोक्याचं बाळ उचललं आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

आजींनी दोन्ही हात वर धरले. गावातली निम्मी डोकी ज्या हातांखालून गेली, ते हात तसेच अधांतरी.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं. मला नाही, सुनेला.

ज्योतीनं त्यांचा उजवा हात धरला आणि बाळाच्या डोक्यावर ठेवला.

आजींनी डोळे मिटले. बोटं मागच्या बाजूला गेली, त्या चपट्या जागेवर थांबली, पुन्हा कडेनं फिरली. बाळ मजेत पदर चोखत होतं, नवा, धुतलेला.

"जागा भरी राहिनी," आजी म्हणाल्या. "एक बोट बाकी शे."

मला माप घ्यायचं होतं, त्यासाठी आजींचा हात बाजूला व्हायला हवा होता. मंदाताईंनी पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मी म्हटलं, "थांबा, मंदाताई. आकडा नंतर लिहू."