पाण्याचे सात ठिपके

"पयलं पाणी मांडा, मग बाकीचं." असं म्हणत आबा काठीचं टोक माझ्या ट्रेसिंग पेपरवर टेकवायचे आणि मी दचकून कागद ओढून घ्यायचो. बारामतीत नकाशे काढून देणाऱ्या एका दुकानात मी तेव्हा ड्राफ्ट्समन होतो. नव्वदचं दशक होतं. इंदापूरकडच्या माळांवर कारखाने यायला लागले होते.

आबा धनगर. त्यांचा चराईचा माळ निमगाव केतकीच्या पलीकडे. सरकारी कागदावर त्याच्यापुढे 'पडीक' एवढाच शेरा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मेंढरं चारणाऱ्या धनगरांचं नाव कुठेच नव्हतं. एका कारखान्याने तो माळ मागितला. वकिलाने आबांना सांगितलं, वापर दाखवणारा नकाशा जोडा, तर हरकत टिकेल. म्हणून ते आमच्याकडे यायचे.

ते आले की मालक उदबत्ती लावायचा. मेंढरांचा वास येतो म्हणे. दिवसभर अमोनियाचा उग्र भपका मारणाऱ्या नकाशांच्या प्रिंटांत नाक खुपसून बसणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याची मला तेव्हाही किळस यायची. आबा मात्र त्या उदबत्तीला हात जोडायचे.

नकाशात उत्तर वर असते, हे त्यांना कधीच पटलं नाही. "मेंढरं उगवतीकडनं येत्यात. मग उगवत वर नगं?" असं म्हणत ते टेबलाला वळसा घालायचे. लांडग्याची घळ, मेलेली कोकरं पुरायची जागा, एका आंधळ्या मेंढीला पाठ झालेली वाट, सगळं त्यांनी माझ्याकडून रेखाटून घेतलं. पाण्याच्या सात जागा निळ्या शाईत. त्यातले दोन झरे झुडपांखाली होते, गावालाही ठाऊक नसावेत.

मी म्हटलं, "आबा, हे दोन राहू द्या. कागद कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही."

त्यांनी काठी कागदावरून उचलली. "पाणी लपवायचं? पाणी लपिवणाऱ्याला आमी तळावर उभा करत न्हाय, सायेब."

मी सातही ठिपके ठेवले.

पाहणीचे साहेब आले ते हिवाळ्यात. कळप तेव्हा दरवर्षीसारखे चाऱ्यासाठी कोकणात उतरलेले. रिकामा माळ बघून त्यांनी 'वापर नाही' असं लिहिलं आणि जीप वळवली. हरकत फेटाळली गेली.

पुढे काही महिन्यांनी मालकाने माझ्या टेबलावर कारखान्याचं काम टाकलं. बोअर आणि पाइपलाइनचा आराखडा. खाली हरकतीला जोडलेला माझाच नकाशा. घळ खोडलेली, कोकरांची जागा खोडलेली, आंधळ्या मेंढीची वाटही. सात निळे ठिपके तेवढे ठेवले होते, प्रत्येकाभोवती लाल गोल.

"बरं झालं," मालक म्हणाला, "पाणी शोधत हिंडायला नको त्यांना."

तुम्हाला वाटेल, मी कागद फाडला असेल. नाही. मी तो मुकाट्याने ट्रेस केला, अक्षर सुबक काढलं. त्या सुबक अक्षराची मला आजही शिसारी येते.

आबा त्यानंतर एकदाच आले. कळप विकून लेकीच्या गावी निघाले होते. दारात चपला काढून उभे राहिले.

"त्यास्नी पाणी लागलं म्हणं," ते म्हणाले. "सातीबी जागंला. नकाशा बराबर काढलावता तुमी."

मला त्यांच्याकडे बघवेना. आबांनी उदबत्तीच्या नेहमीच्या कोपऱ्याकडे बघितलं. मालकाने त्या दिवशी उदबत्ती लावली नव्हती. आबांना मेंढरांचा वास राहिला नव्हता.