मापकाकांचं माप

आमच्या कारखान्यात रणगाड्याच्या चालकाची जागा जमली की नाही, हे एकाच माणसाच्या अंगावरून ठरायचं. ते म्हणजे मापकाका. मूळचे वेल्डर, शिडशिडीत, बोलायला कंजूष. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना नमुन्याच्या रणगाड्यात सहज बसवून पाहिलं आणि ते काम त्यांना कायमचं चिकटलं.

नव्या रणगाड्यात चालकाच्या डोक्यावरचं झाकण मी आखलं होतं. त्या रणगाड्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? साठ टनांचं धूड खाचखळग्यांतून सुसाट पळालं, तरी तोफेचा नेम हलत नव्हता. पण चिलखताला जेवढं मोठं भोक, तेवढी त्याची ताकद कमी. म्हणून चालक आरामखुर्चीत रेलल्यासारखा पुढे, आणि वर जेमतेम झाकण. आग लागली तर त्यातून दहा सेकंदांत बाहेर पडता यायला हवं, असा नियम. काका सातात बाहेर आले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. माझे पाय जमिनीवर नव्हते.

काका घाम पुसत म्हणाले, "माझं माप धरू नका. कॅन्टीनच्या स्वयंपाक्याला बसवा."

"काका, तो कुठे रणगाडा चालवणार आहे?"

"मग मी तरी कुठे चालवणार आहे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेब मात्र म्हणाले, होऊन जाऊ दे.

स्वयंपाकी रुंद खांद्यांचा, पण चांगला चपळ गडी. शिट्टी वाजली. डोकं आलं, एक हात आला आणि खांदे अडकले. आम्ही खो खो हसत होतो. "हसताय काय, ओढा मला!" तो ओरडला. त्याचा आवाज ऐकून आमचं हसू विरलं. एकतीस सेकंद लागले.

"मी आधी श्वास सोडतो, मग डावा खांदा खाली घालतो," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. मला आज सकाळी बाहेर येताना कळलं, की मी हे करतो."

मला मनापासून लाज वाटली. झाकण चार बोटं वाढवायला तीन महिने गेले, वजन वाढलं, साहेबांची बोलणी खाल्ली. दुसऱ्या चाचणीत स्वयंपाकी नऊ सेकंदांत बाहेर आला. मी काकांना म्हणालो, "सुटलो बुवा एकदाचे!"

"तुम्ही सुटलात," ते म्हणाले. "आधीचे तीनशे रणगाडे माझ्याच मापाने पास झालेत. त्यांत आज माणसं बसतात."

तयार रणगाड्याचं चिलखत काही कापता येत नाही. काकांनी साहेबांकडून परवानगी मिळवली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, पिशवीत दोन जोड कपडे भरून ते छावण्या फिरायला निघाले, चालकांना बाहेर पडायची आपली रीत शिकवायला.

आठवड्याने मी फोन केला. म्हटलं, "काका, कधी येताय?"

"इथल्या अडतीस जणांना जमलं," ते म्हणाले. "दोघं अजून अडकतात. त्यांना सोडून कसा येऊ?"