ह्यांच्या मेंदूशी माझं भांडण

आमच्या घरात आजारी पडायला परवानगी आहे, न जेवायला नाही. हा नियम माझा, आणि गुजरातेतल्या बमरोलीत आमच्या दोन खोल्यांत तो चोवीस वर्षं बिनबोभाट चालला. आमचे हे तर कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, चार भाकरी चेपून लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, जाणारे. ह्यांना भूक नाही, असं मी कधी ऐकलंच नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर हे तापाने फणफणले. मी हिरव्या वांग्यांचं भरीत केलं, वर कच्चं तेल सोडलं, आणि ह्यांनी ताट सरकवलं. भरताचं ताट! दुसऱ्या दिवशीही तेच. मी ह्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर गुजराती. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या. मी जेवणाची तक्रार केली, तर हसून म्हणाले, "बेन, ए ना नथी पाडता, एमनुं मगज ना पाडे छे." म्हणजे नकार ह्यांचा नाही, ह्यांच्या मेंदूचा. मग समजावून सांगितलं. शरीर आजाराशी झुंजत असलं की रक्तातून मेंदूला निरोप जातात, आणि मेंदू भूक बंद करून टाकतो. पाणी पाजत राहा, बळजबरी करू नका, ताप उतरला की भूक येईल. आली नाही तर परत घेऊन या.

मेंदू! चोवीस वर्षांत ह्यांच्या मेंदूने माझ्यापुढे ब्र काढला नव्हता, आणि आता थेट माझ्या स्वयंपाकात ढवळाढवळ! ह्यांना मात्र डॉक्टरांचं बोलणं भलतंच आवडलं. अंथरुणात पडल्या पडल्या मला शिकवू लागले, "धागा तुटना का लूम आपोआप बंद पडस, तसंच शे हाई."

मी हट्टाला पेटले. दारासमोर शेगडी मांडून वांगी भाजली, धूर पदराने आत लोटला. हे खोकले फक्त. शेजारीण म्हणाली, झोपेत भरव, मेंदूला कळणार नाही. तेही करून पाहिलं. घास उशीवर पडला.

"मेंदूले इचारू नका, खा!" मी ओरडले. ह्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा मात्र माझं अवसान गळालं. मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. मला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. ह्यांना काही झालं तर मी भाकरी कुणासाठी थापू?

चौथ्या दिवशी सकाळी घाम येऊन ताप उतरला. दुपारी मी गुपचूप पातळ खिचडी टाकली, कुणाला काही विचारलं नाही. फोडणीच्या वासाने हे उठून बसले.

"माले बी वाढ ना."

मी ताट वाढलं. घाईत अर्धी खिचडी बाहेर सांडली. ह्यांनी दोन घास खाल्ले, तिसरा हातातच धरला.

"तुनं ताट कोठे शे?"

"माले भूक नही," मी म्हणाले, आणि बोलता बोलता थबकले. गेल्या तीन दिवसांत चहाशिवाय माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. मला ते आठवलंही नव्हतं. ताप तर ह्यांना होता!

ह्यांनी हातातला घास माझ्या तोंडापुढे धरला.

"मेंदूले इचारू नको. खाय."

मी खाल्ला. मग त्याच ताटात जेवायला बसले, आणि खिचडी संपल्यावर दोघांसाठी भाकरी टाकायला उठले.