कॉट लेनचा उतार

नदीकाठी फिरायला रस्ता हवा, ही मागणी गावात पहिल्यांदा केली ती डिलिया क्विर्कनं. आता ते कुणाला आठवत नाही, आणि आठवण करून द्यायला गेलं की माणसं घड्याळ बघतात.

बेकनचा, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचा, कारखाना बंद पडला तेव्हा शुअर नदीच्या अख्ख्या काठाला तारेचं कुंपण लागलं. आत गंजलेल्या टाक्या, काटेरी झुडपं, मेलेली मांजरं. डिलिया शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. शाळा तिची लवकरच सुटली होती. कायदे ती वाचनालयात बसून स्वतः वाचून शिकली. भांडण शिकावं लागलं नाही. कौन्सिलच्या दारात ती वर्षानुवर्षं उभी राहिली. ‘नदी आमची, कुंपण कुणाचं?’ असा फलक गळ्यात अडकवून ती बाजाराच्या दिवशी पुलावर उभी राहायची. लोक हसायचे, पण सह्या द्यायचे.

तिचं घर कॉट लेनमध्ये, जुन्या कोळ्यांच्या गल्लीत. कॉट म्हणजे त्यांची लांबट, सपाट बुडाची होडी. सामन मासा धरायला बंदी आली तशा होड्या परसात पालथ्या पडल्या. गल्लीच्या तोंडाशी होड्या पाण्यात सोडायचा दगडी उतार मात्र वापरात राहिला, कारण त्याला दुसरंही काम होतं. नदीनं माणूस नेला की शोधायला होड्या तिथूनच सुटत.

डिलियाचा भाऊ कॉन असाच गेला होता. आठवडाभर तिची आई उतारावर खुर्ची टाकून बसली होती. शेजारणी चहा आणत, सोबत बसून जपमाळ ओढत. शेवटी मॉसी टोबिनच्या होडीनं कॉनला आणलं. बुडालेला काही परत जिवंत होत नाही. पण सापडला तर घरी आणता येतो, त्याच्या उशाशी रात्र काढता येते, मातीत ठेवता येतो. ज्यांचं माणूस सापडत नाही ती घरं डिलियानं पाहिली होती.

अखेर रस्ता मंजूर झाला. चर्चच्या हॉलमध्ये लोकांची सभा भरली. भिंतीवर नकाशे, टेबलावर सँडविचेस, आवडेल तिथं चिकटवायला रंगीत टिकल्या. डब्लिनहून आलेली ग्रॉनिया नावाची आराखडेवाली हसतमुखानं सगळ्यांना टिकल्या वाटत होती. कॉट लेनच्या तोंडाशी नकाशावर लाकडी सज्जा होता, बाक होते, कॉफीची टपरी होती.

“उतार कुठाय?” डिलियानं विचारलं.

“तो खाली राहील. त्याच्यावरून सज्जा येईल.”

“खाली म्हणजे? पुरून?”

“आम्ही ऐकायलाच आलोय, डिलिया. महिनाभर लेखी हरकती घेतोय. प्रत्येक हरकत वाचली जाणार.”

गल्लीत परतल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. कॉट लेनची माणसं परक्यासमोर तोंड उघडत नाहीत, कागदावर तर त्याहून नाही. चारचौघांत उभं राहून बोलणं म्हणजे आगाऊपणा, ही तिथली समजूत. मॉसी टोबिन टोपी मागे सारत म्हणाला, “तू बोल गं पोरी. तुझं तोंड ते आम्हा सगळ्यांचं तोंड.”

तिला ते आवडलं. खूपच आवडलं. “तुम्ही कुणी त्रास घेऊ नका,” ती म्हणाली, “मी बघते एकेकाला.” शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस कीहोनं अर्धं पान लिहूनसुद्धा ठेवलं होतं. डिलियानं ते वाचलं, घडी करून खिशात घातलं. “राहू दे, मी सगळं एकत्र घालते.” आणि तिनं घातलंही. एक लांबलचक, कडक हरकत, कॉट लेनच्या वतीनं. खाली सही तिची.

तिकडे टेकडीवरच्या नव्या वसाहतीत, सायकल क्लबात, तयार मजकूर फोनवर फिरत होता. बोट दाबलं की आराखड्याला पाठिंबा गेला. असे शेकड्यांनी गेले.

कौन्सिलच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. उताराबाबत: एक हरकत.

डिलिया प्रेक्षकांच्या बाकावरून उठली. “एक नाही. अख्खी गल्ली आहे.”

“नाव एकच आहे, मिसेस क्विर्क,” अध्यक्ष म्हणाले. “आणि प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही.”

“मग ह्यांना विचारा.” ती मागे वळली. गल्लीतले सगळे आले होते, रविवारचे कपडे घालून. “सांगा की रे.”

मॉसी टोपीच्या आत काहीतरी शोधत होता. मिसेस कीहो खिडकीबाहेर बघत होती. कुणी हललं नाही. ठराव पास झाला.

बाहेर पायऱ्यांवर मात्र सगळ्यांनी तिचे हात हातात घेतले. “काय बोललीस, डिलिया. चांगलं सुनावलंस.”

“आणि तुमच्या जिभा काय गहाण पडल्या होत्या?”

“अगं, तू छान बोलत होतीस,” मॉसी म्हणाला. “मध्ये आम्ही कशाला?”

उतारावर काँक्रीट पडलं. सज्जा झाला, बाक आले. रस्त्याच्या सुरुवातीला चकचकीत फलक लागला: ‘नागरिकांच्या सहभागातून’. त्यावर सभेतला फोटो, नकाशावर बोट रोखलेली डिलिया. रागावलेली आहे हे फोटोत कळत नाही; रस दाखवतेय असंच वाटतं. फलक काढा म्हणून ती कौन्सिलला भांडून आली. तिथल्या पोरीनं आदरानं सांगितलं, की सभेच्या दारात तिनं फोटोला संमती दिलेली आहे.

पुढच्या हिवाळ्यात मॉसीचा भाऊ जेर नदीत गेला. घसरला की आपणहून गेला, ते कुणी विचारलं नाही.

शोधपथकाच्या होड्या गाडीला जोडून पार खालच्या गावी न्याव्या लागल्या. तिथून पाण्यात उतरून, प्रवाहाविरुद्ध वर येईतो ओहोटी लागून पाणी समुद्राकडे निघून गेलं होतं. गल्लीतली माणसं सज्ज्यावर कठड्याला टेकून उभी होती. टपरीवाल्यानं सगळ्यांना फुकट सूप दिलं. खुर्ची टाकायला जागा नव्हती. वाटेत अडथळा नको असा नियम होता. शोध दिवसामागून दिवस चालला, मग थांबला. जेर सापडला नाही. त्याच्यासाठी प्रार्थना झाली ती शवपेटीशिवाय.

त्यानंतर मॉसी तिच्या दारात आला. दाढी वाढलेली. बसला नाही.

“तू कौन्सिलला लिही, डिलिया. तो सज्जा फोडा म्हणावं.”

“माझं लिहून झालंय. ह्या वेळी तू लिही. कीहो लिहील, सगळे लिहितील, आपापल्या नावानं. उद्या दुपारी इथं या. कागद, पेन माझं.”

“मला कुठं जमतं तसलं.”

“तुझा भाऊ होता, मॉसी.”

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, “सांगतो सगळ्यांना.”

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारून उसन्या खुर्च्या आणल्या. शेजारणीनं खुर्च्या दिल्या, “शाब्बास” म्हणाली, आणि दार लावून घेतलं. दुपार टळली. चहा दोनदा उकळून कडू झाला. कुणी आलं नाही.

डिलिया खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर मॉसी एकटाच चालत होता, हात मागे बांधून, पाण्यात बघत. सज्ज्याच्या टोकापर्यंत जायचा, थांबायचा, परत फिरायचा. सायकलवाले घंटी वाजवून त्याला बाजूला करत होते. तिनं हाक मारायला खिडकी उघडली, आणि मारली नाही.