लिलाबाई आणि आडवी बाटली

लिलाबाई चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीनं बांधायची. कुणाच्या अंगणात नळ ठिबकत असला, तर आधी तो बंद करायची, मग हाक मारायची. भाकर थापताना बोलायची नाही. कुणी "मंग पाहू" म्हटलं की तिथंच ओट्यावर बसायची, धड उत्तर मिळेपर्यंत.

वयानं ती माझ्या आईएवढी. मी तिला मावशी म्हणायचे, पण आमची दोस्ती होती. होती, असं लिहावं लागतंय.

मानोऱ्याजवळच्या आमच्या गावात देशी दारूचं दुकान. ते बंद करायचं तर बायकांनी मतदान करायचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, तरच दुकान उठणार. जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्या कामाची. तांड्यावरच्या कितीतरी बायका ऊसतोडीला गेलेल्या. त्यामुळं गावात उरलेली एकेक बाई हवी होती.

लिलाबाई दारोदार हिंडली. मी सोबत.

"तुया घरी तं कोणी पेत नाही," तांड्यावरची रामीबाई म्हणाली. "तुले कायले उठाठेव?"

"म्हणून तं मले हिंडाले टाइम हाय."

खरं कारण शेजारी होतं. तिच्या आणि सरिताच्या घरात भिंत एकच. सरिताचा नवरा पिऊन आला की लिलाबाईला सगळं ऐकू यायचं.

मतदानाच्या दिवशी ती सकाळपासून बायकांना शाळेत आणत होती. दुपारी म्हणाली, छातीत जळजळ होऊन राह्यली. मी म्हटलं, तू मत टाक आणि घरी जाऊन पड.

"सरिता नाही आली अजून. तिले घेऊनच टाकतो."

मतदान संपायला थोडाच वेळ होता, तेव्हा आम्ही सरिताच्या दारात पोचलो. ती चुलीपुढं.

"हे येतीन आता," ती म्हणाली. "भाकरी नसल्या तं मले ठेवतीन काय?"

लिलाबाई तिच्याशेजारी बसली. परात आपल्याकडं ओढली.

"ऊठ. भाकरी मी थापतो. तू पल्लवीसंगं पय."

"अन् तुमचं मत, माय?"

"येतोच मी मांगून. जाय."

आम्ही पळालो. सरिता रांगेत लागली. फाटकावरचा शिपाई घड्याळ बघत होता. मी परत धावले.

चूल पेटलेली होती. तव्यावरची भाकर जळून काळी झाली होती. लिलाबाई त्याच भिंतीला टेकून बसली होती.

"मावशी, फाटक बंद होऊन राह्यलं," मी म्हटलं.

पुन्हा तेच म्हटलं. मग तिचा हात धरला. बोटांना ओलं पीठ होतं. शाई नव्हती.

अंधार पडताना निकाल आला. आडवी बाटली जिंकली. आम्ही तिला तिच्या घरी आणून ठेवलं होतं. सांगायला आलेल्या बायका दारातच उभ्या राहिल्या.

"मायच्या मताबिगर कसं झालं?" सरिता विचारत होती. मला, रामीबाईला, मग पुन्हा मला.

तिचा नवरा आला. त्या दिवशी तो प्यालेला नव्हता, की होता, मला आठवत नाही. तो आत आला नाही.

मी तवा उतरवायला सरिताकडं गेले. चूल विझली होती. परातीत एक भाकर थापायला घेतलेली होती. एका बाजूनं पातळ. दुसऱ्या बाजूनं अजून जाडच.