चेहऱ्यात ट्राम

जोगळेकरकाकांच्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला तेव्हा मी कोलकात्यातल्या सेक्टर फाइव्हच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "दादा, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. काकांना जाऊन आता सहा आठवडे होतील. बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आलेले काका निवृत्तीनंतरही तिथल्या सॉल्ट लेकमध्येच राहिले. फोटोंचं वेड जुनं. एकाच फिल्मवर दोनदा फोटो घ्यायचा आणि दोन चित्रं एकमेकांत मिसळायची, हा त्यांचा आवडता खेळ. तो कॉम्प्युटरवर कसा खेळायचा, हे मी रविवारी सकाळी त्यांना शिकवायचो.

काकू गेल्यावर वर्षभराने त्यांनी काकूंचा एक फोटो उघडला. बाल्कनीत, बाजूने टिपलेला चेहरा, काहीतरी ऐकून फुटलेलं हसू... आजारपणाआधीचा शेवटचा. त्यात त्यांना एस्प्लनेडची ट्राम हवी होती. दोघं संध्याकाळी तिच्यातून नुसतीच हिंडायची. मी ट्रामचा फोटो वर ठेवला, तर म्हणाले, "अरे इंजिनिअर, काकूला ट्रामखाली घालतोस काय? चेहऱ्यात ट्राम हवी!" आम्ही दोघंही हसलो. मग मी चेहऱ्याबाहेरची ट्राम झाकली, वरचा थर विरळ केला. काकूंच्या गालावरून ट्रामच्या तारा जाऊ लागल्या. काका बघत राहिले आणि मग चहा टाकायला आत गेले.

तेवढ्यात मला ऑफिसचा फोन आला. बोलता बोलता मी दोन्ही थर एकत्र केले, सेव्ह केलं, प्रोग्रॅम बंद केला. प्रत काढलीच नव्हती. मूळ फोटोच्याच फाइलवर ट्राम कायमची बसली. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांनी केव्हाच पुसलं होतं. माझ्या लक्षात आलं, तेव्हा काका कप घेऊन समोर उभे होते... मी चहा प्यायलो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "मूळ फोटो सापडत नाही रे. माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार." मी म्हणालो, "होतं असं कधी कधी, काका."

पुढच्या रविवारी त्यांच्या मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी होती, बँकेतल्या वळणदार अक्षरात : 'आधी प्रत काढणे. मग हात लावणे.' कुठलीही फाइल उघडण्याआधी ते ती मोठ्याने वाचायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "शिस्त रे. एकदा चुकलो ना मी." मी मान डोलवायचो. सात वर्षं डोलवली.

गेल्या रविवारी काकांच्या घरी मुक्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा म्हणायचे, तुझ्या आईचं हसू मी पुसलं. तुम्ही त्यांना का नाही सांगितलं, दादा?" भीती होती म्हणावं, तर काका कधी रागावले असते असंही नाही. तिने मॉनिटरवरची चिठ्ठी जपून सोडवली आणि माझ्या हातात ठेवली.

"ही तुमची आहे," ती म्हणाली.

चिकटपट्टी सुकली होती. मी नवी लावून चिठ्ठी माझ्या मॉनिटरच्या कडेला चिकटवली. फाइल उघडण्याआधी आता मी ती वाचतो, मोठ्याने.