विमानाला लावलेलं गंध

माझ्या मित्राने सहा वर्षं खपून एक मोडकं विमान उभं केलं आणि मी ते दोन बोटांनी अडचणीत आणलं. ही गोष्ट मी चारचौघांत सांगत नाही. विषय निघालाच तर "आम्ही विमान उडवायचो तेव्हा" अशी सुरुवात करतो आणि वरून दिसणाऱ्या तळ्यांचं वर्णन करून वेळ मारून नेतो.

नव्वदच्या दशकातले दिवस. मी बेंगळुरूत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो, राहायला बनशंकरीला. मित्र मूळचा निपाणीकडचा. तरुणपणी वैमानिक होता, पुढे बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांचा कारखाना काढून स्थिरावला. स्थिरावलेल्या माणसाने गप्प बसावं की नाही? याने एका बंद पडलेल्या कंपनीचं दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं विमान लिलावात उचललं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका इंजिनात कबुतरांचा संसार होता आणि दुसऱ्यात बहुधा त्यांचे व्याही. "बघ, काय देखणं आहे!" असं हा म्हणाला. मी हो म्हटलं. मैत्री टिकवायची म्हणजे माणसाला असं बरंच बोलावं लागतं.

दर रविवारी हा जक्कूरच्या धावपट्टीवरच्या हँगरमध्ये, सोबतीला एक म्हातारे मेकॅनिक. त्यांना सगळे अण्णा म्हणत. काम कधी संपणार विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "स्वल्प बाकी, सार." हे "थोडंच राहिलंय" सहा वर्षं चाललं.

वहिनींना, म्हणजे मित्राच्या बायकोला, विमानाचं नाव काढलेलं खपत नसे. "सवत आणली असती तर परवडलं असतं, भावजी. ती निदान रविवारी घरी असती," असं त्या मला वाढता वाढता ऐकवत. मी हसायचो, त्या हसायच्या नाहीत. सहा वर्षांत त्यांनी हँगरमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. विमान तयार झालं, कागदपत्रं झाली, याने ते चार-पाचदा उडवलंही. प्रत्येक वेळी हा परत येईपर्यंत त्या घरात जेवायच्या नाहीत.

शेवटी दसऱ्याच्या सुमारास त्यांनीच तोड काढली. आयुधपूजेच्या दिवशी विमानाची रीतसर पूजा करायची आणि मग त्या एक चक्कर मारणार. एकच. उतरल्यावर त्या जर "विका" म्हणाल्या, तर विकायचं, पुढे एक शब्द नाही. मित्राने कबूल केलं. मला फोनवर सांगताना त्याचा आवाज असा होता की जणू पोराचा दहावीचा निकाल आहे. "तूही ये लेका. पुढे माझ्या शेजारी बस. तू असलास की तिला धीर येईल." मला बघून कोणाला धीर आल्याचं माझ्या आठवणीत नाही, पण गेलो.

सकाळी सातला हा विमानाभोवती फिरून एकेक गोष्ट हाताने तपासत होता. त्याचा नियम कडक. एकदा ही तपासणी झाली की विमानाला कोणी बोटही लावायचं नाही, अण्णांनीसुद्धा नाही. तपासणी झाली आणि वहिनी आल्या. हिरवी कांजीवरम, हातात ताट, ताटात हार, हळदकुंकू, स्वतः उगाळलेलं दाट गंध. मुहूर्त साडेसातचा. हा त्यांच्याकडे बघतच राहिला. सहा वर्षांनी बायको त्याच्या हँगरमध्ये उभी होती. नियम गेला उडत.

तरी त्याने काळजी घेतली म्हणा. कोहळा आणि नारळ विमानापासून पन्नास पावलांवर फोडायला लावले, एखादी करवंटी पंख्याने खेचली तर काय घ्या! चाकांखाली लिंबं ठेवायला परवानगी दिली. हार पंख्यांना नको, दाराला घाला म्हणाला. गंधाविषयी मात्र बोलायचं राहिलं. गंधाने कोणाचं काय बिघडतं?

"भावजी, तुम्ही उंच आहात, गंध तुम्ही लावा," वहिनी म्हणाल्या. मी तसा देव न मानणारा, पण ताट हातात आलं की मला चेव येतो. नाकाला लावलं, दाराला लावलं. मग शेपटीकडे जाताना विमानाच्या अंगावर एक लहानसा लाल गोल रंगवलेला दिसला, मध्ये चकचकीत चकती. आयता गोल! मधली जागा जणू माझ्यासाठीच सोडलेली. खाली बारीक इंग्रजी अक्षरं होती, पण चष्मा गाडीत राहिला होता. चांगला जाड टिळा लावला. पलीकडच्या बाजूलाही तसाच गोल होता. एका बाजूला लावून दुसरी कोरडी ठेवणं बरं दिसेना, तिथेही लावला. वहिनी म्हणाल्या, "किती मनापासून करताय हो!"

उडालो. वहिनी मागे, आम्ही दोघं पुढे, कानावर हेडफोन. वहिनींना दिलेला नव्हता, त्यामुळे इंजिनांच्या घरघरीत आमचं बोलणं त्यांना ऐकू जात नव्हतं. खाली घरं बोटाएवढी झाली, येलहंक्याचं तळं चमकलं, दूर मारतहळ्ळीच्या बाजूला नाचणीची शेतं दिसायला लागली. मी मागे वळून पाहिलं. वहिनी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि चक्क हसत होत्या.

"जिंकलास," मी मित्राला म्हटलं.

तो समोरच्या एका काट्याकडे बघत होता. मीही पाहिलं, आकडे ठळक होते. "तीन हजार फूट. मस्त की," मी म्हणालो.

"गाढवा, बेंगळुरूच तीन हजारावर आहे," तो म्हणाला. "या काट्याच्या मते आपण अजून जमिनीवर उभे आहोत."

 त्याने त्या काट्याची काच टिचकीने वाजवली, माझ्या समोरचा काटा पाहिला, तोही ढिम्म. मग समोर बघतच, अगदी हळू विचारलं, "तू गंध कुठेकुठे लावलंस?"

मी सांगितलं. लाल गोल म्हणताच त्याने डोळे मिटले. क्षणभरच, पण विमान चालवणाऱ्या माणसाने तेवढेही मिटू नयेत असं माझं मत आहे. त्या चकतीला बारीक भोकं असतात. तिथून बाहेरच्या हवेचा दाब आत येतो आणि त्यावर उंचीचा काटा चालतो. मी ती दोन्ही बाजूंनी लिंपली होती.

"तुझ्या उजव्या हाताला खाली एक खटका आहे. मागे ओढ. वाकताना घाई करू नकोस, ती बघतेय."

 देवाचं नाव घेतलं हे कबूल करतो. खटका मागे आला, काटा थरथरला आणि सरसर पावणेपाच हजारांवर गेला. आतल्या हवेवर चालायची ती पर्यायी सोय होती.

"झालं," तो म्हणाला. "आता तोंड हसरं ठेव. तिला कळलं तर सगळं संपलं."

उतरला मात्र असा अलगद की चाकं कधी टेकली ते समजलं नाही. वहिनी खाली उतरल्या.  हा घाईघाईने मागे गेला आणि रुमालाने तो लाल गोल पुसायला लागला.

"काय पुसताय?"

"काही नाही गं, धूळ."

"ते गंध आहे. मी उगाळलंय." मग माझ्याकडे वळल्या. "भावजी, मी मागून बघत होते. तुमची मान घामाने भिजली होती. वर काय झालं?"

मित्र माझ्याकडे बघत होता. त्याची ती नजर मला आजही नको वाटते. पण वहिनींच्या तोंडावर खोटं बोलायला माझी जीभ रेटेना. सगळं सांगितलं. माझी चूक आहे, याची नाही, विमानाची तर मुळीच नाही, असं तीनतीनदा म्हणालो.

"गंध मी दिलं, तुम्ही लावलंत. ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.  "सहा वर्षं मी विमान पडेल म्हणून भ्यायले असं वाटलं होय तुम्हाला? तुम्ही वर असणार, मी घरात असणार, आणि तिकडे काय चाललंय ते मला कुणी सांगणार नाही, याला भ्यायले. आज तर तुमच्या पाठीमागे चार हातांवर बसले होते. तरी सांगितलं नाहीत."

हा खाली मान घालून उभा होता. रुमाल मुठीत. म्हणाला, "चुकलो. तू म्हणशील तर विकतो. आत्ता सांगतो अण्णांना."

"विका म्हणाले का मी?"

त्याने मान वर केली. डोळे भरलेले होते, लपवायची शुद्ध नव्हती.

"यापुढे शेजारी मी बसणार. भावजी मागे."

"अगं, पण तिथे बसायचं तर सगळे काटे, खटके माहीत पाहिजेत."

"मग शिकवा की," वहिनी म्हणाल्या आणि पदर खोचून विमानाच्या पायरीवर चढल्या. "अजून नऊपण वाजले नाहीत."